टाळूची वाट : गर्भातला मेंदू पाहण्याच्या तंत्रांचा इतिहास

गर्भस्थ बाळाच्या शरीरात श्राव्यातीत ध्वनीला सर्वांत ठळक प्रतिसाद देणारा भाग म्हणजे कवटी, आणि त्याच ध्वनीला मेंदूपर्यंत जाण्यापासून अडवणारा भागही कवटीच. सेकंदाला २०,०००हून अधिक कंपने असलेला, म्हणून माणसाच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी तो श्राव्यातीत. वैद्यकीय यंत्रांत ही कंपने काही दशलक्षांच्या घरात असतात. शरीरातील मऊ ऊतींतून त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरतात, आणि दोन ऊतींच्या सीमेवर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीला किती वेळ लागला यावरून ती सीमा किती खोल आहे हे काढतात. हाडाशी मात्र हा हिशेब बिघडतो, कारण हाड बराचसा ध्वनी परतवून लावते, उरलेल्यातला बराच शोषून घेते आणि जो पलीकडे जातो त्याची दिशा बदलते. सोनोग्राफीचा इतिहास सहसा यंत्रे सुधारत गेली आणि चित्र स्पष्ट होत गेले, अशा रीतीने सांगितला जातो. तो खोटा नसला तरी मेंदूच्या बाबतीत अपुरा आहे. येथे खरी प्रगती झाली ती यंत्र कोठे टेकवायचे आणि छेद कोणत्या दिशेने घ्यायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे बदलत गेली तेव्हा.

श्राव्यातीत ध्वनीने मेंदू पाहण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न गर्भावर नव्हे, तर प्रौढ रुग्णांवर झाला. ऑस्ट्रियातील मेंदूरोगतज्ज्ञ कार्ल डुसिक यांनी डोक्याच्या एका बाजूने ध्वनी सोडायचा, दुसऱ्या बाजूने तो टिपायचा आणि वाटेत तो कोठे किती क्षीण झाला याचा नकाशा काढायचा, अशी पद्धत योजून १९४२ साली तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. त्या नकाशांत मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांचे, म्हणजे व्हेंट्रिकलांचे, आकार दिसतात असा त्यांचा दावा होता. पुढे १९५२ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की तसेच आकार मेंदूवाचून नुसत्या कवटीतूनही मिळतात. म्हणजे डुसिक यांनी टिपले होते ते कवटीच्या कमीजास्त जाडीचे प्रतिबिंब. या अपयशाने पुढच्या पिढीला एक मोलाची शंका देऊन ठेवली, ती अशी की डोक्याच्या चित्रात जे दिसते त्यातले मेंदूचे किती आणि हाडाचे किती, हे आधी विचारावे. स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी १९५०च्या दशकात अधिक माफक अपेक्षा ठेवली. त्यांनी मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या सीमेवरून येणारा एकच प्रतिध्वनी शोधला, आणि तो मध्यापासून सरकलेला आढळला तर एका बाजूला रक्तस्राव किंवा गाठ असल्याचा निष्कर्ष काढला. चित्राचा हट्ट सोडून फक्त एका रेषेचा माग काढणारी ही पद्धत यशस्वी ठरली, आणि गर्भाच्या डोक्याकडे पाहणाऱ्यांनाही सुरुवातीला हीच रेषा हाती लागली.

ग्लासगो येथे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले इयन डोनाल्ड २१ जुलै १९५५ रोजी शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. धातूतील भेगा शोधण्याचे तेथील यंत्र घट्ट गाठ आणि द्रवाची गाठ यांत फरक करते का, हे त्यांना पाहायचे होते, आणि ते तसा फरक करत असल्याचे दिसले. टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे सहकारी डॉक्टर यांच्यासह डोनाल्ड यांनी ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये पोटातील गाठींच्या तपासणीवर जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्यापासून प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीचा आरंभ मानला जातो. या यंत्राच्या दोन रीती होत्या. पहिलीत, जिला ए-स्कॅन म्हणत, पडद्यावर चित्र नसे. एका सरळ रेषेवर प्रतिध्वनींच्या जागी उभे शेंडे दिसत आणि दोन शेंड्यांमधले अंतर मोजता येई. दुसरीत, म्हणजे बी-स्कॅनमध्ये, प्रत्येक प्रतिध्वनीच्या जागी ठिपका उमटे आणि तेल लावलेल्या पोटावरून ध्वनी सोडणारा-टिपणारा प्रोब हाताने फिरवत नेला की अशा ठिपक्यांतून एक सपाट छेद साकार होई. गर्भाच्या अवयवांपैकी डोकेच पडद्यावर सर्वांत सहज सापडत असल्याने मापनाची सुरुवात डोक्यापासून झाली, आणि जेम्स विलॉक्स यांनी डोनाल्ड यांच्याबरोबर १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही कानांवरच्या हाडांमधला व्यास मोजण्याचे काम हाती घेतले. हा व्यास म्हणजे आजच्या सोनोग्राफीच्या अहवालात बीपीडी या अक्षरांनी लिहिला जाणारा आकडा.

नुसत्या ए-स्कॅनने घेतलेल्या या मापात एक मूलभूत दोष होता. डोके अंड्यासारखे असल्याने ध्वनी किंचित तिरका गेला तरी दोन शेंडे मिळतातच, पण त्यांच्यातले अंतर खऱ्या व्यासाचे नसते, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला ही चूक कळण्याचा काहीच मार्ग नसतो. ग्लासगोत डोनाल्ड यांच्या हाताखाली शिकलेले आणि पुढे लंडनला गेलेले स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १९६८ मध्ये यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, तो दिसायला साधा आहे. आधी बी-स्कॅनने डोक्याचा छेद काढायचा, त्यात मेंदूच्या दोन अर्धगोलांमधली मध्यरेषा शोधायची, प्रोब त्या रेषेला काटकोनात आणायचा, आणि मग त्याच जागेवरून ए-स्कॅनने माप घ्यायचे. मध्यरेषेचा शेंडा दोन्ही बाजूंच्या शेंड्यांच्या बरोबर मधोमध आला तर माप खरे, न आले तर पुन्हा प्रयत्न करायचा. लेक्सेल यांच्यासाठी मध्यरेषा हा आजाराचा पुरावा होता. कॅम्पबेल यांनी तिला मापाच्या खरेपणाची कसोटी बनवले. मेंदूचा एखादा भाग हेतुपूर्वक शोधून त्याच्या आधारे निर्णय घेण्याची सवय येथे सुरू झाली, जरी त्या निर्णयाचा विषय अजून मेंदू नसून गर्भाचे वय आणि वाढ हाच होता.

मेंदूविषयीचे पहिले गंभीर निदान झाले ते, विचित्र वाटले तरी, काही न दिसल्यामुळे. कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सतराव्या आठवड्यातील एका गर्भात अनेनसेफली असल्याचे ओळखले. या विकारात कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा बराचसा भाग तयारच होत नाही, त्यामुळे ज्या डोक्याची गोल कडा या यंत्राला सर्वांत सहज सापडते ती येथे सापडत नाही. ती गर्भावस्था थांबवण्यात आली, आणि सोनोग्राफीच्या निदानावरून असा निर्णय घेतला गेल्याची ही पहिली नोंद समजली जाते. ज्या डोनाल्ड यांच्या यंत्रातून ही वाट निघाली ते स्वतः धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते आणि ब्रिटनच्या १९६७च्या गर्भपात कायद्याचे उघड विरोधक होते. गुरूच्या साधनाने शिष्याच्या हातून गुरूला न पटणारी गोष्ट घडवली, असा हा प्रसंग आहे. त्याच १९७२ साली एडिंबरोमध्ये ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी मेंदू किंवा कणा उघडा राहिलेल्या गर्भाभोवतीच्या पाण्यात अल्फा-फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन वाढलेले असते, हे दाखवले. काही वर्षांत आईच्या रक्तावरून या प्रथिनाची चाचणी होऊ लागली, आणि दशकभर तरी रसायनशास्त्र चित्राच्या पुढे राहिले.

चित्र मागे राहण्याचे कारण पडद्यातही होते. त्या काळचा बी-स्कॅन केवळ पांढरा आणि काळा असे दोनच रंग जाणत असे. प्रतिध्वनी एका ठरावीक जोरापेक्षा अधिक असेल तर ठिपका, नसेल तर अंधार. कवटीच्या तुलनेत मेंदूच्या ऊतींतून येणारे प्रतिध्वनी कित्येक पटींनी क्षीण असल्याने कवटी झगमगे आणि आतला मेंदू काळाच राही. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे जॉर्ज कॉसॉफ आणि प्रसूतितज्ज्ञ विल्यम गॅरेट यांच्या गटाने क्षीण प्रतिध्वनींनाही करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटा देण्याची रीत विकसित केली आणि १९७२ साली गर्भाच्या डोक्याच्या आतला तपशील दाखवणारी चित्रे प्रसिद्ध केली. याच गटाच्या ‘ऑक्टोसन’ या यंत्रात गर्भवती स्त्री पाण्याच्या टाकीवरच्या पातळ पडद्यावर पालथी झोपे आणि खालून पाण्यात बुडवलेले ८ प्रोब एकत्र काम करत. हे अवजड यंत्र टिकले नाही, छटा मात्र कायमच्या टिकल्या. दुसरा बदल वेगाचा होता. सीमेन्सचे ‘व्हिडोसन’ सेकंदाला १५ चित्रे काढू लागले, पुढे ध्वनी सोडणारे-टिपणारे अनेक स्फटिक एका ओळीत बसवलेले प्रोब आले, आणि हलणाऱ्या बाळाचे डोके हलत असतानाच छेद निवडणे शक्य झाले.

छटा आणि वेग दोन्ही हाती आल्यावर जलशीर्ष, म्हणजे मेंदूतील पोकळ्यांत द्रव साठून त्या फुगण्याचा विकार, गर्भातच दिसू लागला, आणि पाहण्याच्या घाईबरोबर उपचारांचीही घाई झाली. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या आरंभी काही गर्भांच्या मेंदूत बारीक नळी घालून साठलेला द्रव गर्भाशयातील पाण्यात सोडून देण्याचे प्रयत्न झाले. वाचलेल्यांपैकी बऱ्याच मुलांना गंभीर अपंगत्व राहिले आणि दशकाच्या उत्तरार्धात हे उपचार जवळजवळ थांबले. त्या अपयशात तंत्राचा वाटा मोठा होता, कारण तेव्हाच्या चित्रांत फुगलेली पोकळी दिसे, पण ती का फुगली आणि तिच्याबरोबर मेंदूत आणखी काय बिघडले आहे, हे बहुधा दिसत नसे.

किती फुगणे म्हणजे आजार, हेही तोवर नीट ठरलेले नव्हते. पोकळीची रुंदी आणि त्या बाजूच्या अर्धगोलाची रुंदी यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत रूढ होती, परंतु हे गुणोत्तर गर्भाच्या वयानुसार बदलत असल्याने प्रत्येक आठवड्यासाठी वेगळा तक्ता लागे. सॅन फ्रान्सिस्को येथे कार्डोझा, गोल्डस्टीन आणि फिली यांनी १९८८ मध्ये दाखवले की पोकळीचा मागचा रुंद भाग, ज्याला एट्रियम म्हणतात, तेवढाच मोजला तर आकडा गर्भारपणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत जवळपास स्थिर राहतो, सरासरी ७.६ मिलिमीटर, प्रमाण विचलन ०.६. सरासरीत अशी चार विचलने मिळवली की बरोबर १० मिलिमीटर होतात, आणि जगभरच्या अहवालांत आजही दिसणारी १० मिलिमीटरची मर्यादा ती हीच. याच गटाने त्याच वर्षी आणखी एक खूण सांगितली. पोकळीत द्रव तयार करणारा कोरॉइड प्लेक्सस हा स्पंजासारखा, पडद्यावर उजळ दिसणारा पुंजका असतो. पोकळी नेहमीच्या आकाराची असेल तर तो तिला जवळपास भरून टाकतो, पण पोकळी फुगली की तो गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूस लोंबकळतो. आकडा न मोजताही डोळ्यांना कळणारी ही खूण आहे.

या मोजमापात एक तडजोड दडलेली आहे आणि ती रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. पोटावरून आडवा छेद घेताना कवटीची एक बाजू प्रोबच्या जवळ असते; तिच्यात आणि प्रोबमध्ये ध्वनी पुन्हा पुन्हा आपटून मागे-पुढे होतो, आणि त्या खोट्या प्रतिध्वनींच्या धुक्यात जवळचा अर्धगोल झाकला जातो. म्हणून माप दूरच्या अर्धगोलात घेतले जाते आणि जवळचा तसाच असेल असे गृहीत धरले जाते. म्हणजे नेहमीच्या तपासणीत अनेकदा अर्धा मेंदू पाहिला जातो आणि अर्धा मानला जातो.

आडव्या छेदांचे सर्वांत मोठे यश मात्र १९८६ सालचे आहे, आणि ते हाडाला चकवून नव्हे, तर हाडाचीच साक्ष काढून मिळाले. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये किप्रोस निकोलाइडिस, कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पायना बायफिडा, म्हणजे कण्याचा काही भाग उघडा राहण्याचा विकार, असलेल्या गर्भांच्या डोक्यांची चित्रे तपासली, तेव्हा त्यांत दोन आकार वारंवार आढळले. कपाळाकडची हाडे दोन्ही बाजूंनी आत दबून कवटीचा छेद लिंबासारखा दिसे, आणि मागचा लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, मेंदूच्या खोडाला बिलगून केळ्यासारखा वाकलेला असे. यातील लिंबू युरोपीय आहे, दोन्ही टोकांना निमुळते; महाराष्ट्रातले गोल कागदी लिंबू डोळ्यांपुढे आणणाऱ्या विद्यार्थ्याला ही उपमा कळायला वेळ लागतो. या दोन्ही आकारांचे कारण असे की उघड्या कण्यातून मेंदूभोवतीचा द्रव झिरपत राहतो, आतला दाब घटतो आणि मागचा मेंदू खाली मानेकडे ओढला जातो. कण्यातला काही मिलिमीटरचा दोष शोधण्यासाठी मणका अन् मणका तपासण्यापेक्षा डोक्याचा एक छेद पाहणे कितीतरी सोपे असल्याने रक्तचाचणीचे महत्त्व हळूहळू ओसरले, आणि रसायनशास्त्राच्या मागे पडलेल्या चित्राने ते अंतर भरून काढले.

आडव्या छेदांनी जे दाखवता येत नव्हते, त्यात कॉर्पस कॅलोसम प्रमुख होते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा हा तंतूंचा जाड पट्टा कमानीसारखा पुढून मागे जातो. आडव्या छेदात त्याचा एखादा तुकडाच सापडतो आणि तो अखंड पाहायचा तर डोके मधोमध उभे चिरल्यासारखा छेद हवा. पोटावरून पाहणाऱ्याला म्हणून अप्रत्यक्ष खुणेवर विसंबावे लागे. कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी नावाची छोटी चौकोनी पोकळी मध्यरेषेच्या पुढच्या भागात दिसली तर पट्टाही असावा असे समजत, न दिसली तर शंका घेत. उभ्या छेदाचा रस्ता मात्र निसर्गाने ठेवलेला होता. बाळाच्या कवटीची हाडे जेथे अजून जुळलेली नसतात त्या मऊ जागेत, म्हणजे टाळूत, तेल जिरवण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्याच टाळूवर प्रोब टेकवून अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळांचा मेंदू पाहण्याची रीत १९८०च्या सुमारास रुग्णालयांत रूढ झाली होती. गर्भातले बाळ बहुधा डोके खाली करून असते, तेव्हा योनिमार्गातून वर नेलेला बारीक प्रोब थेट त्याच्या टाळूखाली येऊ शकतो, हे ओळखून न्यूयॉर्कमध्ये इलान टिमोर-ट्रिच आणि आना मॉन्तेआगुदो यांनी १९९०च्या दशकात या वाटेला शास्त्रीय शिस्त दिली.

या वाटेचे दोन फायदे एकमेकांत गुंतलेले आहेत. कंपने जितकी अधिक तितका तपशील बारीक, पण तितकाच ध्वनी लवकर विरतो. पोटाच्या भिंतीतून खोल जायचे असल्याने पोटावरच्या प्रोबला साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० ते ५० लाख कंपनांवर, भागवावे लागते, तर योनिमार्गातून डोके अगदी जवळ असल्याने त्याहून बरीच वरची कंपने वापरता येतात. शिवाय हाड वाटेत नसल्याने दोन्ही अर्धगोल एकाच छेदात सारखेच स्पष्ट दिसतात आणि वर सांगितलेले गृहीत धरणे संपते. तंत्राला मर्यादाही आहेत. टाळूच्या बिंदूवर प्रोब टेकवून तो फक्त कलवता येतो, त्यामुळे छेद एकमेकांना समांतर न राहता पंख्याच्या काड्यांसारखे एका बिंदूतून पसरतात, आणि म्हणून टिमोर-ट्रिच आणि मॉन्तेआगुदो यांनी शरीररचनेच्या पुस्तकांतली नावे तशीच न उचलता या छेदांसाठी नवी नावे बसवली. बाळ आडवे किंवा पायाळू असेल तर वाट बंद होते किंवा बाळाला पोटावरून हलके ढकलून वळवावे लागते. इस्रायलमध्ये गुस्ताव्हो मालिंगर यांनी १९९३ मध्ये याच वाटेने कॉर्पस कॅलोसमची गर्भातली नेहमीची वाढ दाखवली, आणि तोपर्यंत अंदाजाने सांगितली जाणारी गोष्ट प्रत्यक्ष पाहून सांगता येऊ लागली.

त्रिमितीय सोनोग्राफीची सुरुवात जपानमध्ये कझुनोरी बाबा यांच्या १९८०च्या दशकातल्या कामातून झाली आणि ऑस्ट्रियातील क्रेट्झटेक्निकने १९८९ मध्ये तिचे यंत्र बाजारात आणले. लोकांना त्यातून आवडला तो बाळाचा चेहरा. मेंदूच्या अभ्यासकांना मात्र चेहऱ्यात रस नव्हता. एका झोक्यात डोक्याचा संपूर्ण ठोकळा साठवून ठेवायचा आणि स्त्री घरी गेल्यावरही त्यातून हवा तो सपाट छेद काढत बसायचे, हे त्यांना मिळालेले खरे वरदान होते. यालाही किंमत होती. मूळ ठोकळा आडवा घेतलेला असेल तर त्यातून संगणकाने काढलेला उभा छेद थेट घेतलेल्या छेदापेक्षा पुसट असतो, आणि ठोकळा घेताना हाडाची सावली पडली असेल तर ती प्रत्येक छेदात पडलेलीच राहते. म्हणून टाळूतून घेतलेला ठोकळा आणि पोटावरून घेतलेला ठोकळा यांना एकाच नावाने त्रिमितीय म्हणणे दिशाभूल करणारे आहे.

नावांचा हा घोळ वादाला कारण झाला तो २०१७ मध्ये. शेफील्डचे पॉल ग्रिफिथ्स यांच्या नेतृत्वाखालील ‘मेरिडियन’ अभ्यासात सोनोग्राफीत मेंदूचा दोष असल्याची शंका आलेल्या ५७० गर्भांची एमआरआयही करण्यात आली, आणि निदानाची अचूकता सोनोग्राफीत ६८ टक्के तर एमआरआयत ९३ टक्के असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मालिंगर आणि इतर तज्ज्ञांनी घेतलेला आक्षेप असा होता की एका बाजूला तज्ज्ञांनी वाचलेली एमआरआय आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः पोटावरून केलेली सोनोग्राफी यांची ही तुलना आहे. टाळूतून केलेली सखोल तपासणी, जिला न्यूरोसोनोग्राफी म्हणतात, तिची परीक्षा यात झालेलीच नाही. हा आक्षेप रास्त होता. मात्र अभ्यासाची बाजूही पोकळ नव्हती, कारण टाळूतून मेंदू पाहू शकणारे हात फार थोड्या ठिकाणी असतात आणि बहुतेक गर्भवतींच्या वाट्याला पोटावरची तपासणीच येते. प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत मूलभूत तपासणी आणि न्यूरोसोनोग्राम हे दोन स्तर आधीच वेगळे केले होते. २०२० आणि २०२१ मधील सुधारित सूचनांनी हा भेद अधिक ठामपणे मांडला.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध कायद्याच्या मार्गाने येतो. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला, आणि मेंदूच्या तपासणीसह गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी एफ फॉर्म हे नोंदपत्रक भरणे बंधनकारक झाले. दुसरा कायदा गर्भपाताचा. १९७१ च्या कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा ठरली तेव्हा मेंदूचे चित्र काळेच होते. कॉर्पस कॅलोसम जेमतेम अठराव्या ते विसाव्या आठवड्यात पूर्ण आकाराला येत असल्याने ॲनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे त्याच सुमारास व्यंगे शोधण्यासाठी होणाऱ्या सोनोग्राफीत, शंका आली तर खात्री करून घेण्यासाठी पालकांकडे वेळच उरत नसे. २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गंभीर व्यंगांच्या बाबतीत ही मर्यादा काढून टाकली. तरीही मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वळ्या सहाव्या-सातव्या महिन्यांत खोल होत जातात, विसाव्या आठवड्यात निरोगी मेंदूही बराच गुळगुळीत असतो, आणि त्यामुळे वळ्या न उमटण्याच्या विकाराचे, म्हणजे लिसेनसेफलीचे, निश्चित निदान प्रोब पोटावर असो वा टाळूखाली, बहुधा शेवटच्या तिमाहीतच होते.